नज्म कुणाविरुद्ध होती?

भंडारदऱ्यात बुद्धवंदनेनंतर एका तरुणाने विचारलं, "दादा, युद्धाच्या दिवसांत पाकिस्तानी शायर कशाला गायचा?" रोख नागपूरकडे होता. शस्त्रसंधीनंतर तीनच दिवसांनी, १३ मे २०२५ ला, वीरा साथीदारांच्या स्मृतिसभेत समता कला मंचाने फैज यांची नज्म गायली. आयोजकांवर कलम १५२ लागलं, म्हणजे देशाची अखंडता धोक्यात आणली!

मित्रांनो, ती नज्म पाकिस्तानच्याच लष्करशहाविरुद्ध, झिया उल हकविरुद्ध लिहिलेली. दुखावलेच असतील तर झियाचे वारस. 'कोर्ट' चित्रपटात वीरादादांनी गाण्यापायी कोर्टात खेचलेला शाहीर रंगवला होता. इथे गुन्हा त्यांच्या स्मृतिसभेवरच दाखल झाला.

आणि बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा ग्रंथ लिहिला तो १९४० मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना.