कापराचा बॉल

पोचा आलेला टेबल टेनिसचा बॉल घेऊन मी स्वयंपाकघरात शिरले की आई म्हणायची, "चहाचं आधण आहे ते, तुझे बॉल उकळायला नाही." तरी वाटीभर कढत पाणी काढून द्यायचीच. बॉल तरंगायचा, म्हणून पोच्याची बाजू चमच्याने पाण्याखाली दाबून धरायची. आतली हवा तापून फुगली, वरचं कवच मऊ पडलं, की 'टक्' असा बारीक आवाज येऊन खळगा बाहेर. बॉल पूर्वीसारखा गोल मात्र होत नसे. टप्पा पडला की भलतीकडेच वळायचा, आणि दादा ते आपल्या स्पिनच्या खात्यावर मांडायचा. आमचं टेबल जेवणाचं, नेट म्हणजे दोन डब्यांवर आडवी ठेवलेली फूटपट्टी. तिथे कसली आलीय स्पिन!

त्या वाटीतून देवघराचा वास यायचा. फुटलेल्या बॉलचा तुकडा हुंगला तरी तोच, कापराचा. मला बरीच वर्षं तो मनाचा खेळ वाटे. पण तो खरोखरच कापूर होता. जुना बॉल सेल्युलॉइडचा, आणि सेल्युलॉइड म्हणजे आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस नि कापूर. कापसामुळे अंग येतं, कापरामुळे लवचीकपणा. सेल्युलॉइड आलं ते बिलियर्डपायी. बिलियर्डचे बॉल एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताचे असत. त्याला पर्याय शोधणाऱ्याला अमेरिकेत दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. त्या खटाटोपातून जॉन हायटने १८७०च्या सुमारास हे प्लॅस्टिक घडवलं.  टेबल टेनिसवाले सुरुवातीला बुचाच्या नि रबराच्या बॉलने खेळत होते. विसाव्या शतकाच्या तोंडावर त्यांच्या हाती हा पोकळ, हलका बॉल आला आणि खेळाचं रूपच पालटलं.

एका दिवाळीत दादाने फुटका बॉल काडीने पेटवला. आरतीतला कापूर शहाण्यासारखा जळतो. हा भप्पकन उफाळला. दादाच्या पुढच्या केसांचा वास आठवडाभर घरात होता.

आजोबांना मात्र वासाचं नव्हे, आवाजाचं वेड. १९५२ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, ती त्यांनी पाहिलेली. जपानच्या हिरोजी सातोच्या बॅटीला जाड स्पंज होता. बॉल बॅटीला लागल्याचा आवाजच येईना, आणि कानावर विसंबणारे भलेभले गडबडले. सातो जगज्जेता झाला. आजोबा हे सांगताना शेवटी ओठ मिटून नुसता हात फिरवायचे.

२००० साली बॉल ३८चा ४० मिलिमीटर झाला, तेव्हा मी खेळणं सोडलेलं होतं. २०१४पासून मोठ्या स्पर्धांतून सेल्युलॉइडही गेलं. आग लागण्याचा धोका, हे कारण सांगितलं गेलं. दादाचे केस आठवले तर ते पटतंही. आता बॉल बहुधा एबीएसचे, म्हणजे मुलांचे ठोकळे ज्याचे असतात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे. टप्प्याचा आवाज वेगळा, जरा कोरडा.

परवा भाचीच्या बॉलला पोचा आला. मी लगेच आधण ठेवलं, वाटी काढली, चमचा घेतला. बॉल बराच वेळ दाबून धरला. 'टक्' झालं नाही. बाहेर काढून हुंगला, तर कसलाच वास नाही.

"आत्या, काय करतेस? दुसरा घे ना," ती म्हणाली. "बॉक्समध्ये अजून पाच आहेत."