दोघांचाच एक दिवस

मैत्रिणींनो, तुम्ही दोघंच म्हणून शेवटचे कधी बाहेर पडलात, आठवतं? आम्हांला तर आठवेना! म्हणून मुलांना सासूबाईंकडे सोपवलं आणि कोल्हापूरहून खिद्रापूर गाठलं. कृष्णाकाठचं हे कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या वेळचं. स्वर्गमंडपाला ४८ खांब, आणि छताच्या मधोमध मोकळं, गोल आभाळ! शंकर आहे, पण समोर नंदी नाही.

तिथल्या गारव्यात बसून ‘हे’ कितीतरी दिवसांनी घरखर्चाखेरीज काही बोलले. डब्यात भाकरी नि कृष्णाकाठची भरली वांगी होती. परतताना नृसिंहवाडीला बासुंदी खाल्ली.

पावसाळ्यात नदीला पूर असतो, तेव्हा थंडीत जा. आणि हो, घरी पेढे न्यायला विसरू नका. पुढच्या खेपेला रजा मिळायला हवी ना!