भार कुठे पडतो

वडाळ्याच्या मुलांना ‘मोनो’चा अर्थ सांगावा लागत नाही. 2014 साली चेंबूर ते वडाळा डेपो अशी मोनोरेल सुरू झाली. एकाच तुळईवरून धावणारी ती गाडी बघतच ही मुलं मोठी झाली. मराठी माध्यमातून कॉमर्सला गेलेली काही जण संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला येतात. अर्थशास्त्रात ‘मोनोपॉली’ आली की एकच विक्रेता, हे ती आपसूक ओळखतात. अडतं उच्चारात.

मो-नो-पॉ-ली. चारही अक्षरं खणखणीत. आपल्या वृत्तांच्या हिशेबाने ती चारही गुरूच, मग मुलांचं काय चुकलं? मराठीत दीर्घ लिहिलेल्या अक्षराला आपण त्याचं पूर्ण वजन देतो. इंग्रजी एकाच अक्षरावर मुख्य भार टाकते आणि शेजारचे स्वर पुसट करते: मनॉपली. ‘मोनोरेल’मध्ये हा भार पहिल्या अक्षरावर, ‘मोनोपोलिस्टिक’मध्ये थेट ‘लिस्’वर.

म्हणून मी फळ्यावर शब्द दोनदा फोडते, एकदा उच्चाराने, एकदा अर्थाने. हेलिकॉप्टर उच्चारात हे-लि-कॉप्-टर. अर्थाने मात्र ‘हेलिको’ आणि ‘प्टर’, म्हणजे ग्रीकमधलं मळसूत्री वळण आणि पंख. ‘प्टर’वर मुलं हसतात. मग मी शेजारी ‘सूर्योदय’ लिहिते आणि विचारते, यातला सूर्य कुठे संपला? ‘यो’पाशी सगळे थांबतात. संधी शाळेत झालेली असते, तिचा उपयोग मात्र इथे होतो.

मला सगळ्यात आवडतात ते प्रत्यय. ‘समाज’ला मागून ‘इक’ लागतो आणि बदलतो पहिला स्वर: सामाजिक. इंग्रजीतला ‘इक’ भाराला आपल्या अलीकडच्या अक्षरावर ओढून आणतो. इकॉनॉमीत ‘कॉ’वर असलेला भार इकॉनॉमिकमध्ये ‘नॉ’वर येतो. ‘इटी’चंही तेच: इलेक्ट्रिकमध्ये ‘लेक्’, इलेक्ट्रिसिटीत ‘ट्रि’. अरेबिकसारखे अपवाद पाठच करावेत. पण स्पेलिंगं घोकण्यात वर्षं घालवण्यापेक्षा हे चार-सहा प्रत्यय कानात बसवावेत, असं माझं ठाम मत आहे.

परवा एक मुलगी ‘रिस्पॉन्सिबिलिटी’पाशी अडली. मी बोलले नाही. तिने पेन्सिलीने ‘इटी’ वेगळी केली, अलीकडच्या ‘बि’खाली रेघ मारली आणि विचारलं, “बाई, भार इथेच ना?” आता ‘अकाउंटेबिलिटी’ तिला मी सांगणार नाही.