नावामागचं गाव

मुलांनो, पत्त्यात आपण गावाचं नाव रोज लिहितो. पण ते पडलं कसं, हे कधी विचारलंत का?

कऱ्हाडचंच बघा. मध्य प्रदेशात भरहूत इथं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्याला ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं त्यावर कोरली आहेत. त्यात 'करहकट' नगराचंही नाव आहे. अभ्यासकांच्या मते तेच आपलं कऱ्हाड! ना मोटार, ना आगगाडी. तरी इथल्या लोकांचं दान तिथवर पोचलं. तो कठडा आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे.

साताऱ्याबद्दल मात्र जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणतं किल्ल्याला सतरा बुरूज होते, कुणी म्हणतं भोवती सात डोंगर. पण किल्ल्याच्या नावाचा इतिहास पक्का आहे. १७०० साली औरंगजेबानं तो घेतला आणि शहजादा आझमच्या नावावरून 'आझमतारा' म्हटलं. ताराराणींच्या काळात मराठ्यांनी तो परत मिळवला आणि नाव झालं 'अजिंक्यतारा'. एकदा हातचा गेलेला किल्ला, आणि नाव अजिंक्य! मला हे फार आवडतं.

सांगली म्हणजे सहा गल्ल्यांचं गाव, असं घरोघरी सांगतात. गोष्ट गोड आहे. पण मला वाटतं, ती नाव पडल्यावर जुळवलेली असावी. जिल्ह्याची गंमत तर वेगळीच. १९४९ साली तो साताऱ्यातून निघाला तो 'दक्षिण सातारा' म्हणून. 'सांगली जिल्हा' झाला १९६० साली. घरात आजोबांचा शाळेचा जुना दाखला असेल तर काढून बघा.

महाबळेश्वरची माल्कम पेठ गव्हर्नर जॉन माल्कम साहेबांच्या नावाची. साहेब कधीच गेले, नाव राहिलं.

उलटंही होतं बरं का! कोयना धरणाचं पाणी चढलं तेव्हा कितीतरी गावं बुडाली. लोकांनी गावाचं नाव बरोबर नेलं, नव्या वस्तीला दिलं. पण बांधांची, ओढ्यांची, पाणंदींची नावं? ती पाण्याखालीच राहिली.

तुमच्याकडेही अशी नावं असतील. सातबाऱ्यावर गट नंबराबरोबर शेताच्या स्थानिक नावाचाही रकाना असतो. पण 'चिंचेचं टेक' किंवा 'भुताचा ओढा' तिथं सापडेलच असं नाही. या रविवारी आजीला घेऊन शिवारात जा. ती सांगेल ती नावं वहीत लिहा, आणि ती का पडली तेही विचारा.