आमचा पंचकल्याणी आणि त्याचे दात

घोड्याच्या मागून जाऊ नये, हा उपदेश आम्हांस बाळपणापासून इतक्या वेळा ऐकावयास मिळाला होता की, त्याच्या पुढूनही सांभाळूनच जावे लागते ही गोष्ट शिकावयास आमच्या वयाची पन्नाशी उलटावी लागली. लाथेची भीती सर्वांसच असते. दातांची आठवण मात्र ज्यास चावा बसला त्यासच होते.

2022 सालच्या दत्तजयंतीस आम्ही व आमचे वडील बंधू नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेस गेलो होतो. तापीकाठच्या या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, हे वाचकांस ठाऊक असेलच. दादा केवळ दर्शनास म्हणून आले होते, आणि परत निघाले ते एक तांबूस घोडा घेऊन! चारी पाय पांढरे, कपाळापासून नाकपुडीपर्यंत पांढरा पट्टा. असा घोडा पंचकल्याणी म्हणून शुभ मानितात. विकणाऱ्याने त्याचा ओठ वर करून दात दाखविले. मधले दुधाचे दात पडून तेथे मोठे, पिवळसर दात डोकावू लागले होते. त्यावरून वय अडीच वर्षांचे ठरले. त्या दातांकडे त्या दिवशी आम्ही जन्मपत्रिका म्हणूनच पाहिले; त्यांचा दुसराही काही उपयोग असू शकेल, हे मनातसुद्धा आले नाही.

वाईजवळच्या आमच्या मळ्यावर घोडा आला, आणि घरातील लहानथोर अकरा माणसांना एक नवे माणूस मिळाले. मुलांनी त्याच्या नाकावरून हात फिरवावा, त्याने ओठांनी त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या चाचपाव्या, आणि सर्वांनी हसावे. आमच्या मातोश्री रोज पहाटे देवपूजेपूर्वी पागेशी जात आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवून त्यास देत. तीर्थरूप वारल्यापासून पहाटे त्यांना झोप येत नसे, व घरात कोणास उठवावे असेही त्यांस वाटत नसे. तेव्हा या भेटीचे आम्हांस कौतुकच वाटे.

होळीच्या सुमारास ओठांच्या जागी दात आले. प्रथम बाही ओढली जाई, पुढे दंडास चिमटा बसू लागला. तंग आवळू लागले की मान वळवून तो मोतद्दाराच्या पाठीचा समाचार घेई. खरारा करताना तर त्याचे तोंड एक क्षण स्वस्थ नसे. आम्ही पुस्तके चाळली. नर घोडा वयात आला की दात लावतो, असे एका ठिकाणी वाचले. पण आमच्या घोड्यास विकत घेण्यापूर्वीच खच्ची केले होते, त्यामुळे ती सबब लंगडी पडली. विराटाच्या पदरी ग्रंथिक हे नाव धारण करून राहिलेल्या नकुलास दुष्ट घोडे सुधारण्याची विद्या अवगत होती म्हणतात. आम्हांस अवगत होता तो फक्त राग. एके सायंकाळी खांद्यास कडकडून चिमटा बसताच आम्ही त्याच्या नाकावर एक सणसणीत चपराक ठेवून दिली.

हे आमच्या हातून झालेले सर्वांत मोठे चुकीचे काम, आणि ते कबूल केल्यावाचून पुढील हकीकत सांगणे बरे दिसणार नाही. त्या चपराकीने चावणे थांबले नाही. चावून झटकन मान मागे घेण्याची कला मात्र त्यास साधली. शिंगरे एकमेकांस चावे घेऊन पळतात, तोच खेळ त्याने आमच्याशी मांडला, आणि आम्ही हात उगारून त्यास तोडीस तोड खेळगडी मिळवून दिला. शिवाय मोहरकी चढविण्यासाठी कोणीही हात वर केला तरी तो मान आढ्यास लावू लागला. एका क्षणाच्या संतापाची ही भीती घालविण्यास आम्हांस पुढे आठ महिने लागले.

श्रावणात व्हावयाचे ते झाले. दादांचा सात वर्षांचा नातू रिकाम्या हाताची मूठ करून घोड्यापुढे नाचवीत होता. मुठीत काही नाही हे त्यास ठाऊक, घोड्यास नव्हे. घोड्याने पोराचा खांदा धरला. गवत उपटणाऱ्या त्या दातांची पकड किती जबर असते, हे त्या रात्री कळले. कातडे थोडेच फाटले होते, पण मांस चेंगरून खांदा काळानिळा पडला. डॉक्टरांनी जखम धुऊन धनुर्वाताची सुई टोचली. ओसरीवर दादा एवढेच म्हणाले, “दत्तजयंतीस परत सारंगखेडा. बोलणे संपले.” मातोश्री आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या खोलीचे दारही वाजले नाही.

चावरा म्हणून विकलेल्या घोड्याचे पुढे काय होते, हे आम्ही बाजारात पाहिले होते. तोंडास जाळी बांधलेला तो जीव या हातातून त्या हातात जातो, आणि प्रत्येक हात पहिल्यापेक्षा अधिक कठोर असतो. आम्ही दादांजवळ दत्तजयंतीपर्यंतची मुदत मागून घेतली.

प्रथम जनावरांच्या डॉक्टरांस बोलाविले. अडीच ते साडेचार-पाच वर्षांपर्यंत घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, व त्या काळात हिरड्या सळसळतात, असे त्यांनी सांगितले. एका दाढेवर दुधाच्या दाताचे टरफल टोपीसारखे अडकून राहिले होते, ते त्यांनी काढून टाकले. तंगाखालची कातडी तपासली, तेथे एक जुना फोड निघाला. म्हणजे मोतद्दारावरचा राग अगदीच विनाकारण नव्हता! फोड बरा होईपर्यंत खोगीर बंद ठेवले, आणि पुढे तंग एकदम न आवळता तीन हप्त्यांनी आवळू लागलो. दिवसभर ठाणावर बांधून ठेवण्याऐवजी त्यास कुरणात मोकळे सोडले. घोडा मुळात दिवसाचे कितीतरी तास चरणारा प्राणी. दोन वेळची चंदी देऊन बांधून ठेविला तर बाकीच्या वेळी त्या तोंडाने करावे काय?

या सर्वांनी चावणे निम्मे झाले. उरलेल्या निम्म्याचे मूळ म्हाताऱ्या मोतद्दाराने एका वाक्यात सांगितले. “मालक, ह्यो चावत न्हाई, ह्यो मागतोय.” कान मागे पाडून येतो तो चावा, कान पुढे ठेवून येते ती मागणी. घोड्यास स्वतःच्या नाकाखालचे दिसत नाही. तेथील कारभार ओठांचा व मिशांचा. हातास गुळाचा वास, आणि तो हात आज देतो, उद्या देत नाही, परवा मूठ मिटून फसवितो. मग त्याने हात उघडून पाहू नये तर काय करावे?

आणि तेव्हा आम्हांस एक गोष्ट प्रथमच दिसली. आमच्या थोरल्या वहिनींना तो एकदाही चावला नव्हता. वहिनींना घोड्याचा शोक नाही. शेण उचलावयास घमेले घेऊन त्या त्याच्या खांद्याशी उभ्या राहत. त्याने तोंड वळविले तर ते आपोआप त्यांच्या बाहेर काढलेल्या कोपरावर आदळे, आणि वहिनी आपले काम करीत राहत. ना रागावणे, ना लाडावणे. मर्जी असली तर त्या खांद्यावरच्या उंचवट्यास, जेथे घोडे एकमेकांस दातांनी खाजवितात, दोन बोटे खाजवीत. तोंडास हात कधीच लावीत नसत. जी विद्या आम्ही पुस्तकांत शोधीत होतो ती वहिनी रोज शेणाच्या घमेल्याबरोबर नेत-आणीत होत्या. आम्ही तसे त्यांस म्हणताच त्या म्हणाल्या, “भाऊजी, त्याला पुस्तक वाचता येत नाही ना, म्हणून बरं.”

नियम ठरला. हातातून कोणी काही द्यावयाचे नाही. जे द्यावयाचे ते टोपल्यात. नाक कुरवाळावयाचे नाही. तोंड अंगावर आले तर त्याच क्षणी, एका श्वासाच्या आत, त्यास चार पावले मागे सारावयाचे आणि लगेच शांत व्हावयाचे. उशिरा दिलेली शिक्षा कशाची, हे घोड्यास कळत नाही. अकरांपैकी दहा माणसे एका दिवसात तयार झाली. अकराव्या व्यक्तीस हे सांगावयाचे कोणी?

आम्हीच गेलो. “आई, तुझ्या गुळामुळे तो चावतो,” हे वाक्य आम्ही चार प्रकारे मनात घोळविले होते, त्यांतला एकही प्रकार वेळेवर आठवला नाही. मातोश्रींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “पोराच्या खांद्याचं पाप माझ्याच हातचं म्हणायचं का रे?” आम्ही उत्तर दिले नाही. खोटे बोलता आले असते, पण मग नियम कोणी पाळला नसता.

दुसऱ्या पहाटे दार वाजले. टोपल्यात गुळाचा खडा टाकून मातोश्री दोन्ही हात पदराखाली घेऊन उभ्या राहिल्या. घोड्याने टोपल्याकडे पाहिलेही नाही. पदर ओढला, मान खालीवर केली, पाय आपटले. पहिले पंधरा दिवस तर खोड वाढल्यासारखीच दिसली. नेहमी मिळणारे एकाएकी मिळेनासे झाले की मागणे आधी चढते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक माणसे विरघळतात. मातोश्री विरघळल्या नाहीत. एकदा मात्र परत येताना त्यांचे डोळे ओले होते, ते आम्ही पाहिले व न पाहिल्यासारखे केले.

दिवाळीनंतरच्या एका पहाटे आम्ही आडून पाहत होतो. घोड्याने त्यांच्या पदराचा वास घेतला, क्षणभर थांबला, आणि तोंड वळवून टोपल्यात घातले. मातोश्रींनी वहिनींप्रमाणे त्याच्या खांद्याशी बोटे नेली. त्याचा वरचा ओठ लांब होऊन हवेतच हलू लागला, कोणाही अंगास न लागता.

दत्तजयंतीस दादा सारंगखेड्यास गेले, एकटेच गेले. चार दिवसांनी परतले तेव्हा त्यांच्या काखेत एक नवा तोबरा होता. “जुना फाटला आहे,” असे म्हणून त्यांनी तो खुंटीस टांगला आणि ते हातपाय धुवावयास विहिरीकडे निघून गेले.