नेमाची धोतरे

गंगेच्या पूर्व तीरावर वसलेल्या रामनगरात अनंत चतुर्दशी जवळ येऊ लागली, की काही घरांतून धोतरे मोजली जातात. चतुर्दशीच्या सुमारास येथील रामलीलेस आरंभ होतो आणि ती एकतीस दिवस चालते. ध्वनिवर्धक नाही, विजेचा झगमगाट नाही. गॅसबत्त्या, मशाली व महताबी यांच्या उजेडात रामकथा गावभर हिंडते आणि तिच्या मागोमाग प्रेक्षक हिंडतात. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे, लंका तर थेट मोकळ्या मैदानात. २००८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत रामलीलेच्या परंपरेचा समावेश झाला. देशोदेशीचे अभ्यासक येथे येतात. मंचनाविषयी, संवादांविषयी, हत्तीवरून येणाऱ्या काशीनरेशांविषयी लिहितात. धुण्याविषयी क्वचितच कोणी लिहिते. त्यात त्यांचा दोष आहे असेही नाही. धुणे हे दुसऱ्या दिवशी सकाळी, घराच्या मागील मोरीवर घडत असते.

लीलेचा एकही दिवस न चुकवणाऱ्या भाविकांस येथे ‘नेमी’ म्हणतात. स्नान, कपाळी टिळा, किंचित अत्तर, हातात काठी, काखेत ‘मानस’ची पोथी आणि अंगावर स्वच्छ, पांढरी वस्त्रे, असा त्यांचा थाट असतो. धोतर, कुडता आणि उपरणे असे रोजचे तीन कपडे धरले, तर महिन्याचे त्र्याण्णव होतात. भाद्रपद-आश्विनातील पाऊस, मैदानांतील चिखल आणि रात्री उशिरापर्यंत जमिनीवर बसणे लक्षात घेता, यांतील एकही कपडा दुसऱ्या दिवशी पुन्हा नेसण्याजोगा उरत नाही.

गंगेपलीकडे ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी एकाची शाखा रामनगरला येऊन स्थिरावली आहे. या घरातील आजोबा चाळीसहून अधिक वर्षे नेमी आहेत. आणि तितकीच वर्षे आजींनी त्यांची धोतरे धुतली आहेत. धोबी होता, पुढे कामाला बाईही आली. परंतु लीलेची वस्त्रे आजींनी कोणाच्या हाती दिली नाहीत. त्या स्वतः लीलेस फारशा जात नसत. घरी मुले, सासूसासरे, सोवळ्याचा स्वयंपाक. एकतीस दिवस नवऱ्याच्या अंगावरील शुभ्र वस्त्र, एवढाच त्या लीलेतील त्यांचा वाटा. तो त्यांनी कधी बोलून दाखविला नाही, पण सोडलाही नाही.

गेल्या वर्षी मोरीत पाय घसरून आजींचे उजवे मनगट मोडले. हाड सांधले, परंतु पिळण्याची ताकद परतली नाही. गुडघे तर त्याआधीच कुरकुरत होते. यंदा श्रावणातच मुलाने जाहीर केले, की धुण्याचे यंत्र घ्यावयाचे. प्रश्न उरला तो एवढाच, की वरून उघडणारे की समोरून उघडणारे.

हा प्रश्न वरकरणी दुकानदारीचा वाटतो. थोडे थांबून पाहिले, तर तो क्रियापदांचा आहे. मराठीत कपडा ‘धुणे’ म्हणजे नेमके काय करणे? भिजवणे, चुबकणे, चोळणे, आपटणे, बडवणे, खळबळणे, पिळणे, झटकणे. बनारसच्या बोलीत ‘फींचना’ आहे, ‘कचारना’ आहे. दोन यंत्रांनी या संपत्तीतून निरनिराळी क्रियापदे उचलली आहेत. वरून उघडणाऱ्या यंत्रात पिंप उभे असते. कपडे बुडतील इतके पाणी त्यात भरते, तळाची चकती उलटसुलट फिरते आणि कपडे एकमेकांवर घासून खळबळून निघतात. हे बादलीतले धुणे होय. समोरून उघडणाऱ्या यंत्रात पिंप आडवे असते व पाणी तळाशी थोडेसेच. पिंपाच्या आतील कंगोरे कपड्यास वर उचलून नेतात आणि माथ्याजवळून खाली पडू देतात. उचलणे आणि आपटणे! समोरच्या काठावर दगडावर कपडा आपटणारा धोबी याहून निराळे काय करतो? (जाता जाता: वाल्मीकींच्या उत्तरकांडात लोकापवाद आहे, धोबी नाही, तो उत्तरकालीन कथांतून येतो. तुलसीदासांनी ‘मानस’मध्ये सीतात्याग घेतलाच नाही, त्यामुळे रामनगरची लीलाही तिथवर जात नाही. धोब्याला येथे भूमिका नाही.)

मुलाचा कल पाण्याच्या हिशेबाकडे होता. सात किलो कपड्यांना समोरच्या यंत्रास साधारण पन्नास ते सत्तर लिटर पाणी पुरते. वरच्यास त्याच्या दुपटीच्या आसपास लागते. शिवाय समोरचे यंत्र अखेरीस अधिक वेगाने फिरते, मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेते. त्यामुळे कपडा अधिक कोरडा निघतो. भाद्रपदात ही गोष्ट लहान नव्हे. आजोबांना त्या यंत्राविषयी वेगळाच जिव्हाळा उत्पन्न झाला. अशी यंत्रे बनविणाऱ्या आयएफबी या कंपनीचा कारखाना गोव्यात वेर्णे येथे आहे, असे कळताच ते म्हणाले, “म्हणजे आपल्याच मुलखातले की!” त्यांच्या घराण्याने कोकण सोडल्यास किती पिढ्या लोटल्या, हे कोणी विचारले नाही.

सून शाळेत शिकवते. तिचे म्हणणे व्यवहाराचे होते. वरचे यंत्र स्वस्त, लवकर उरकते, मध्येच झाकण उचलून मुलाचा राहिलेला मोजा टाकता येतो, पाण्याचा दाब कमी असला तरी बहुधा अडत नाही. समोरचे यंत्र एकेका धुण्यास तास-दीड तास घेते, कमी फेसाची निराळी पावडर मागते, आणि त्याच्या दाराचे रबर पुसून दार उघडे न ठेवल्यास कुबट वास धरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, “आईंना वाकवणार नाही.” माहितीपत्रकांतूनही हेच छापलेले असते, की ज्यांना वाकणे कठीण त्यांनी वरून उघडणारे यंत्र घ्यावे. निर्णय जवळजवळ झालाच होता.

बनारसच्या दुकानात आजींनाही नेले, ते केवळ रीत म्हणून. वरच्या यंत्राचे झाकण उघडून दुकानदाराने त्यांना आत हात घालावयास सांगितले. आजींची उंची बेताची. कडेला पोट टेकून, टाचा उंचावून त्यांनी हात घातला, तरी बोटे तळाला पोचली नाहीत. तळाशी भिजून जड झालेले, इतर कपड्यांत पीळ पडून गुरफटलेले पाच वारी धोतर असते, तर ते अधू मनगटाने वर कसे ओढले असते? त्या काहीच बोलल्या नाहीत. शेजारच्या यंत्रासमोर एक लहानसे स्टूल पडले होते, त्यावर जाऊन बसल्या. पाय दुखत होते, म्हणून बसल्या. आणि मग त्यांच्या ध्यानात आले, की यंत्राचे गोल दार अगदी छातीसमोर आहे. त्यांनी दार उघडले. आत हात घातला. तळाशी सहज पोचला.

माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहून काम करणारी बाई होती. जी आयुष्यभर बसून धूत आली, बसून चिरत, वाटत, लाटत आली, तिच्यासाठी ‘वाकणे’ हा प्रश्नच निराळा आहे. तिला वाकावयाचे नसते. तिला उभे राहावयाचे नसते. घरातील दोन शिकलेल्या माणसांना पंधरा दिवसांच्या चर्चेत हे सुचले नव्हते. सुनेने तेथल्या तेथे आपले मत बदलले, आणि ते मोकळेपणाने सांगितलेही.

समोरचे यंत्र आले. ते विलक्षण जड असते, कारण हादरे आवरण्यासाठी त्यात वजने बसविलेली असतात. ते ठेवण्यासाठी मोरीजवळची फरशी सपाट करून घ्यावी लागली. पुढ्यात आजींचा जुना चौरंग आला. सोवळ्याची वस्त्रे यंत्रात जाणार नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. ती त्या लहान बादलीत डाव्या हाताने चुबकतात. धोतरे मात्र यंत्रात जातात. काचेआड धोतर वर चढते, क्षणभर लोंबते, खाली पडते. आजी पाहत बसतात. बाहेर आले की एक टोक सुनेच्या हाती देऊन दोघी ते झटकतात. नीळ अजून आजींच्याच हातची.

लीलेच्या सहाव्या दिवशी दुपारी धुणे अर्ध्यावर असताना वीज गेली. आत पाणी, म्हणून दार कुलूपबंद. काचेतून धोतर दिसत होते, हाती येत नव्हते. मुलाने पुस्तिका वाचून खालची लहान खिडकी उघडली आणि परातीपरातीने पाणी काढले, परंतु दार सुटेपर्यंत चार वाजून गेले; धोतर वाळणार कसे? आजोबा आदल्या दिवशीचे नेसून निघाले. काठावर चिखलाचा डाग होता. “अंधारात कोणाला दिसतो?” असे ते म्हणाले. आजींनी उत्तर दिले नाही. रात्री ते परत आले तेव्हा त्या चौरंगावरच बसून होत्या, आणि यंत्र चालू होते.