शेवटच्या बोटीनंतर

घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला जाणारा पर्यटक हा फक्त दुपारचा माणूस असतो. गेटवेवरून सकाळची बोट, तासभर समुद्र, १२० पायऱ्या, त्रिमूर्तीसमोर सेल्फी, भाजलेलं कणीस आणि संध्याकाळी परत. पर्यटकाला बेटावर मुक्काम करता येत नाही. त्यामुळे बेट किती बदललं याबद्दल आपण जे काही बोलतो, ते दुपारच्या पुराव्यावर.

मी पहिल्यांदा गेलो २००८ मध्ये, सहावीत. शिरपूरहून शाळेची सहल एसटीने मुंबईला आली होती. आम्हा पोरांसाठी सावळद्याच्या पुलावरून दिसणारी तापी म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं पाणी. त्यानंतर थेट समुद्र! घरी येऊन आजीला सगळं सांगितलं: बोट, माकडं, वीसेक फुटी त्रिमूर्ती, जेट्टीवरची झुकझुकगाडी. तिने एकच विचारलं, "तठे लाईट शे का?"

तेव्हा खान्देशात लोडशेडिंगचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाआधी पाठ व्हायचं. तिच्या दृष्टीने विचारण्यासारखा प्रश्न तोच होता. पण आम्ही उजेडात गेलो होतो आणि उजेडातच परतलो होतो.

उत्तर होतं, जवळजवळ नाही. बेटावर तीन गावं आहेत: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. तिथे संध्याकाळी काही तास डिझेल जनरेटर चालायचा, मग अंधार. लेण्यांना युनेस्कोचा दर्जा १९८७ पासून. दहाएक किलोमीटरवर मुंबई रात्रभर झगमगत असायची. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून बेटाला कायमची वीज मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. आमच्या कंपनीत सर्व्हर पाच मिनिटं पडला तरी का पडला याचा पानभर रिपोर्ट लिहावा लागतो. स्वातंत्र्यानंतरच्या सत्तर वर्षांच्या या आउटेजचा रिपोर्ट कुणी लिहिला असेल असं वाटत नाही.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ऑफिसच्या मित्रांसोबत पुन्हा गेलो. बोटीत सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली, त्यानंतरची ही शिस्त. पायऱ्या चढताना एक मित्र म्हणाला, "पूर्वीची मजा नाही राहिली. किती शांत होतं!" प्लास्टिकच्या बाटल्या आणि गर्दीबद्दल तो बोलला ते खरंच आहे. पण 'पूर्वीचं' म्हणजे कधीचं? ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी एलिफंटा हे नाव दिलं, तो हत्तीसुद्धा आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तुटला. आणि ती शांतता आपल्याला दुपारपुरती मिळायची. रात्रीची शांतता कुणाच्या वाट्याला होती, हे आपण विचारलेलं नसतं.

पायऱ्यांवर एका मावशींच्या टपरीवर लिंबू सरबत घेतलं. मागे छोटा फ्रिज घरघरत होता. "लाईट आल्यावर धंदा वाढला असेल," मी म्हणालो.

"धंदा होतोच की. पण रात्री पोराला ताप आला तर आता त्याचं तोंड दिसतं," त्या म्हणाल्या. "आधी हात लावून कळायचं. डॉक्टरसाठी अजून बोटच लागते म्हणा."

कुठून आलात, त्यांनी विचारलं. शिरपूर म्हटल्यावर चेहऱ्यावर काही उमटलं नाही. धुळ्याच्या पुढे, तापीकाठी, असं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे लांब." मग सुट्टे मोजता मोजता वीजबिलाचं सुरू झालं. सोमवारी लेणी बंद, गिऱ्हाईक नाही, पण फ्रिज बंद केला तर माल खराब, आणि मीटर काय सोमवार पाळत नाही. खालून बोटवाल्याची हाक आली. मावशींनी दहा रुपये हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.